दार उघडलं, जर्मन आलेच नाहीत

विज्ञानाला सरहद्द नसते असं कुणी म्हणालं की मला १९१९चं ब्रुसेल्स आठवतं.

त्याआधी २० वर्षं, १८९९मध्ये, जर्मनीतल्या वीसबाडेनला लंडन, पॅरिस, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग वगैरे १० विज्ञान अकादम्यांचा आंतरराष्ट्रीय संघ ठरला होता. दर तीन वर्षांनी सभा व्हायची. मग महायुद्ध पेटलं. १९१४ला ९३ जर्मन विद्वानांनी जाहीरनामा काढून आपल्या सैन्याची पाठराखण केली. सह्यांमध्ये चक्क माक्स प्लांक! दोस्तांचा संताप समजू शकतो. पण ब्रुसेल्सला त्यांनी नवी संशोधन परिषद स्थापली ती जर्मनांना वगळूनच. १९२६ला बंदी उठली, तेव्हा जर्मनांनीच यायला नकार दिला.

आज रशियन शास्त्रज्ञांवर सरसकट बहिष्कार मागणाऱ्यांना मी विचारतो, तो उठवायचा कधी, हे ठरवलंय का?