नाईलचा पूर आणि ख्रिस्ती मंडनकार

इसवी सन 197 च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलिअनने ख्रिस्ती लोकांच्या बचावासाठी लॅटिनमध्ये एक घणाघाती ग्रंथ लिहिला. टायबरचे पाणी शहराच्या तटाला लागो किंवा नाईलचे पाणी शेतात चढायचे राहो, खापर फुटणार ते ख्रिस्ती लोकांच्याच डोक्यावर, ही रोमन जमावाची सवय त्यात त्याने नेमकी पकडली आहे. त्याचे उत्तर रोखठोक आहे: ख्रिस्तजन्माच्या कितीतरी आधी बेटे समुद्रात गेली, नगरे उद्ध्वस्त झाली, मग तेव्हा दोष कोणाचा होता? आरंभीच्या ख्रिस्ती मंडनातला हा मला सर्वांत निकोप वाटणारा युक्तिवाद. नदी कोणाच्या बाजूने साक्ष देत नाही, एवढेच तो सांगतो. पण याच ग्रंथात टर्टुलिअन असेही म्हणतो की, मार्कस ऑरेलिअसच्या तहानलेल्या सैन्याला पाऊस मिळाला तो ख्रिस्ती शिपायांच्या प्रार्थनेमुळे. आपत्तीचा दोष नको, पण कृपेचे श्रेय हवे, ही ओढ त्याच्यातही होती. पुढच्या दोन शतकांत या ओढीने मूळ युक्तिवादावर मात केली, आणि ती नाईलच्या काठीच केली. ख्रिस्ती धर्माने तिथे नदीला आपल्या बाजूने साक्षीला उभे केले, आणि त्याची किंमत म्हणून नदीची जबाबदारीही त्याच्या अंगावर आली.

इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाहीच. इथिओपियाच्या डोंगरांत उन्हाळी पाऊस कोसळायचा, जूनअखेर नाईल फुगू लागायची आणि सप्टेंबरपर्यंत शेते पाण्याखाली जाऊन त्यांवर गाळ बसायचा. थोरल्या प्लिनीने हिशेब दिला आहे: पाणी बारा हात चढले तर दुष्काळ, तेरा हातांवरही उपासमार, चौदाला हायसे, पंधराला निर्धास्त, सोळाला आनंदीआनंद. या आकड्यावर सारा ठरायचा आणि रोमला जाणाऱ्या धान्याचा अंदाजही बांधला जायचा. पाणी मोजण्याची पवित्र काठी अलेक्झांड्रियात सेरापिसच्या देवळात, म्हणजे सेरापिअममध्ये, ठेवलेली असे. कॉन्स्टंटाइनने ती तिथून हलवून चर्चमध्ये ठेवायला लावली, तेव्हा आता सेरापिस कोपणार आणि पूर येणार नाही, असे लोक बोलू लागले. पूर आला. पुढे जुन्या देवांना मानणाऱ्या सम्राट ज्युलिअनने 361 ते 363 या आपल्या अल्प कारकिर्दीत ती काठी पुन्हा देवळात नेवविली. एका मोजकाठीसाठी दोन सम्राटांनी आज्ञा काढाव्यात, यावरून तिचे वजन कळते. काठी ज्याच्या घरात, नदी त्याची, असा तो हिशेब होता.

391-92 च्या सुमारास बिशप थिओफिलसच्या काळात सेरापिअम पाडले गेले. रुफिनसने दहाएक वर्षांतच लिहिलेल्या इतिहासात त्याचे वर्णन आहे. मूर्तीला हात लावला तर धरणी दुभंगेल आणि आकाश कोसळेल, अशी समजूत होती. एका शिपायाने कुऱ्हाड उगारून मूर्तीच्या जबड्यावर घाव घातला, आणि काहीच झाले नाही. खरी परीक्षा मात्र पुराची होती. चर्चचा इतिहासकार सोझोमेन सांगतो की, पूर लांबला तेव्हा नदीला बळी देण्याची मनाई झाल्यामुळेच असे घडले म्हणून लोक खवळले. दंगा होईल या भीतीने सुभेदाराने सम्राटाला लिहिले. थिओडोसिअसने कळवले की, नदीच्या पाण्यासाठी देवनिष्ठा सोडायची नाही. मंत्रतंत्राने वाहणारी नदी न वाहिली तरी चालेल. मग पाणी इतके चढले की अलेक्झांड्रिया बुडते की काय असे झाले. नाईलला म्हातारपणी पाणी धरवेना, अशी थट्टा नाटकगृहात झाली आणि पुष्कळांनी धर्म बदलला. सम्राटाचे उत्तर टर्टुलिअनच्या मूळ बाण्याचे आहे. इतिहासकाराला मात्र तेवढ्यावर थांबवत नाही. त्याला पुराची पावती हवी आहे.

हे सगळे जिंकलेल्या पक्षाने लिहिले आहे, मग त्यावर भरवसा का ठेवायचा, असा आक्षेप येईल. चमत्कारावर ठेवायची गरज नाही. वाद कोणत्या मुद्द्यावर चालला होता, यावर ठेवावा, कारण त्याला दुसऱ्या बाजूचाही दुजोरा आहे. अँटिओकचा लिबानिअस ख्रिस्ती नव्हता. देवळांच्या रक्षणासाठी थिओडोसिअसला उद्देशून लिहिलेल्या भाषणात त्याने नाईलच्या उत्सवाचा आधार घेतला: हे विधी थांबवले तर पूर थांबेल, म्हणूनच ते चालू ठेवले आहेत. रोममध्ये जुन्या धर्माचा कैवारी सिम्माकस याने 384 मध्ये दुष्काळाचे कारण म्हणून वेस्टाच्या कुमारिकांचे बंद केलेले वेतन पुढे केले. त्यावर मिलानच्या अँब्रोजने विचारले की, नाईलने स्वतःच्या पुजाऱ्यांसाठी सूड घेतला नाही, ती रोमच्या पुजाऱ्यांसाठी कशाला घेईल? प्रश्न बिनतोड आहे, पण त्यातही नदीच्या वागण्याचाच दाखला आहे.

दाखला घेतला की दरवर्षी तो नव्याने मिळवावा लागतो. इजिप्तच्या कॉप्टिक चर्चच्या उपासनेत वर्षाचे तीन भाग आहेत. पओनी महिन्याच्या 12 तारखेपासून नदीचे पाणी चढावे म्हणून प्रार्थना, मग पेरणीसाठी, मग फळांसाठी. फॅरोंच्या काळातही वर्ष तीनच हंगामांचे होते: पूर, पेरणी, सुगी. मध्ययुगात कैरोजवळ शुब्रा इथे हुतात्म्याचा सण भरायचा. एका हुतात्म्याचे बोट लाकडी पेटीतून आणून नदीत बुडवीत, आणि त्याशिवाय नाईल चढत नाही, असे तिथले ख्रिस्ती म्हणत, अशी नोंद इतिहासकार मक्रीझीने केली आहे. सेरापिसचे भक्त हेच बोलत होते. 1354 मध्ये मामलुक राजवटीने ते बोट जाळून राख नदीत टाकली. मुस्लिम परंपरेतही तीच कथा आहे. अरबांनी इजिप्त जिंकल्यावर नदीला मुलगी अर्पण करण्याची प्रथा बंद झाली, पूर अडला, आणि खलिफा उमरची चिठ्ठी पाण्यात टाकताच एका रात्रीत सोळा हात पाणी चढले. इतिहासकार ही दंतकथा मानतात. तिची घडण मात्र सोझोमेनच्या गोष्टीसारखीच आहे: अडलेला पूर, राज्यकर्त्याचे निक्षून उत्तर, मग पाणी.

नदीची पूजा आणि नदीसाठी देवाची प्रार्थना यांत फरक आहे, असे कॉप्टिक धर्मगुरू म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. प्रार्थना ऐकणारा बदलला, हा धर्मदृष्ट्या मोठा बदल. पण काठावरच्या शेतकऱ्याने नव्या धर्माकडून मागितले ते जुनेच काम. यात इजिप्तची ओळखही दिसते असे म्हटले, तर त्या काळात राष्ट्रीय अस्मिता कसली, इजिप्त तर रोमचा प्रांत होता, हाही आक्षेप रास्त आहे. आजच्या अर्थाचे राष्ट्र तिथे नव्हते. तरी दोन वेळा धर्म आणि पुढे बोली भाषाही बदलूनही ज्यावरून हे लोक स्वतःला ओळखत राहिले, ते वर्ष मोजण्याचे माप नदीचेच होते, आणि प्रत्येक नव्या धर्माला ते स्वीकारावे लागले. 1970 मध्ये आस्वानचा उंच बांध पुरा झाला आणि पूर थांबला. तरीही 12 पओनी, म्हणजे 19 जून उजाडला की कॉप्टिक उपासनेत पाण्याची प्रार्थना सुरू होते, आणि ऑगस्टमध्ये सगळ्या इजिप्तमध्ये नाईलच्या पुराचा सण आजही साजरा होतो.