आरसी विमान: किट जोडायचं की तयार घ्यायचं?

रिमोटवर उडणारी मॉडेल विमानं साधारण तीन प्रकारांत मिळतात. आरटीएफ म्हणजे खोक्यातून काढा, बॅटरी चार्ज करा आणि उडवा. रिमोटही सोबत येतो. एआरएफमध्ये सांगाडा जवळपास तयार असतो, पण रिसीव्हर आणि बऱ्याचदा मोटर, सर्वो आपणच बसवायचे. किट म्हणजे बाल्सा लाकडाचे किंवा फोमचे कापलेले तुकडे आणि सोबत नकाशा, बाकी सगळं तुमच्यावर.

तयार विमानाचा खरा फायदा म्हणजे जायरो. झुळूक आली तरी तो पंख सरळ धरतो. नवशिक्याला याची गरज असते, कारण विमान आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं दिसतं आणि ते लक्षात येईपर्यंत विमान ढेकळात पडलेलं असतं.

पहिलं विमान पडणारच, असं धरून चला. मग बघा, पडल्यावर काय? स्वस्त आरटीएफमध्ये रिसीव्हर, जायरो, मोटर कंट्रोलर एकाच बोर्डवर असतात. तो बोर्ड गेला की धाराशिव, भूम, कळंबमध्ये बसून तुम्ही कुरिअरची वाट बघणार. घरी बांधलेल्या विमानाचा पंख मोडला, तर कागद लावलेला 5 मिमी फोम बोर्ड, हॉट ग्लू आणि बांबूची काडी एवढ्यावर तो संध्याकाळपर्यंत उभा राहतो. मोटर, सर्वो, रिसीव्हर शाबूत असतील तर पुढच्या विमानात जातात. बॅनरवाल्याकडचा पीव्हीसी सनबोर्ड मात्र नको, जड पडतो. थर्माकोलवर फेविक्विकही लावू नका, तो विरघळतो.

बांधताना सगळ्यात जास्त वेळ तोल साधण्यावर घालवा. साध्या सरळ पंखाच्या विमानात तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर हवा. दोन बोटांवर उचलून बघा. नाक थोडं जड चालतं, शेपूट जड असेल तर विमान हाताबाहेर जातं.

आपल्याकडे बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभारल्या! वारा पडलेला असतो तेव्हा, म्हणजे सकाळी लवकर उडवा. काळ्या रानात चाकांचा उपयोग नाही. हाताने सोडायचं आणि पोटावर उतरवायचं.

ड्रोन नियम 2021 विमानांनाही लागू आहेत. शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या 25 किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, त्यामुळे घरी बांधलेलं चालतं. व्यवसाय करत नसाल तर 2 किलोपर्यंत पायलट सर्टिफिकेटही नको. पण 250 ग्रॅमच्या वर वजन गेलं की ऑनलाइन नोंदणी करून नंबर घ्या. फोमचं मीटरभर पंखाचं विमान सहज अर्ध्या किलोचं होतं. जागा ग्रीन झोनमध्ये आहे का, हे डिजिटल स्कायच्या नकाशावर आधी बघा.

माझं मत विचाराल तर रिमोट आणि रिसीव्हर चांगले विकत घ्या, विमान फोमचं घरी बांधा. बाल्साचं किट दुसऱ्या वर्षी. आणि मे महिन्यात लिपो बॅटरी बंद गाडीत ठेवू नका, फुगते.