तळेगावची काच, मावळचा गुलाब

मागच्या शुक्रवारी ॲमस्टरडॅमच्या टीममेटने चॅटवर फोटो टाकला. त्याच्या टेबलावर साध्या काचेच्या ग्लासात जांभळी-लाल फुलं, मधोमध काळा गोळा. नाव म्हणे ॲनेमनी. थंडी सरताना तिकडे बाजारात येतात. वर प्रश्न, "तुमच्याकडे या सीझनला काय?"

आली का पंचाईत! आमच्या चिंचवडात फुलं म्हणजे देवाला पुडी, नाहीतर नव्या गाडीला हार. ॲनेमनीला हवा तसा गारवा इथे कुठला? मग आठवलं, अरे, पुढे तळेगाव आहे की! गुलाब!

बाबा म्हणाले, "आमच्या लेखी तळेगाव म्हणजे काच." खरंच की. अंताजी दामोदर काळ्यांनी गावोगाव फिरून माणशी एक पैसा मागितला आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावात काच कारखाना उभा राहिला. टिळकांचा पाठिंबा होता. एकेक पैशावर कारखाना! आमचं क्राऊडफंडिंग काय नवं घेऊन बसलात :)

गुलाब मात्र कालपरवाचा. १९८८च्या बियाणे धोरणाने परदेशी रोपं आणणं सोपं झालं आणि नव्वदीत पुण्याभोवती निर्यातीसाठी मोठमोठी पॉलिहाऊस उभी राहिली. विमानाचं भाडं, कर्जाचे हप्ते, युरोपातले भाव... बरीच बुडाली. नंतर पाय रोवले ते दहा-वीस गुंठेवाल्यांनी. पवन मावळात, येळसे वगैरे गावांत, २००५च्या फलोत्पादन अभियानाचं अनुदान आणि बँकेचं कर्ज घेऊन. लाल 'टॉप सिक्रेट' तिथे फार.

त्यांचं वेळापत्रक बघून मी गार पडलो. डिसेंबरच्या सुरुवातीला झाडं छाटायची, म्हणजे जानेवारीअखेर कळ्या तयार. थंडी वाढली की फूल लांबतं, ऊन वाढलं की आधीच उमलतं. आमची रिलीज डेट पुढे सरकते हो, चौदा फेब्रुवारी नाही सरकत! आणि मार्च २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तर बाजारच बंद. झाड राखायचं तर फुलं तोडावीच लागतात. तोडायची आणि उकिरड्यावर टाकायची. हप्ता मात्र चालूच.

असो. शनिवारी वीस फुलांची गड्डी आणली. चौदा तारीख उलटलेली, त्यामुळे भाव पडलेला. मी घासाघीस करणार होतो, पण छाटणीचा हिशोब आठवला आणि गप्प पैसे दिले.

घरी आल्यावर दांड्या पाण्यात बुडवून तिरक्या कापल्या, पाण्याखाली जाणारी पानं काढली. केळी ओट्यावरून हलवली, कारण पिकत्या फळांच्या वायूने फुलं लवकर माना टाकतात. सगळी एकाच उंचीची नाही ठेवली, तीन-चार आखूड कापली. बाबांनी हौसेने माळ्यावरून कंदिलाची जुनी काच काढून दिली. ती दोन्हीकडून उघडी! शेवटी आईची लोणच्याची बरणी कामी आली.

फोटो ॲमस्टरडॅमला पाठवलाय. आज सहावा दिवस, फुलं अजून ताठ आहेत. आई बरणी परत मागतेय.