उकळत्या पाण्याची वाट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नेवाडा ह्या संस्थानाच्या वायव्य भागात ब्लॅक रॉक नावाचे वाळवंट पसरले आहे. वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. येथे तसे दृश्य नाही. ही भूमी म्हणजे एका लोप पावलेल्या सरोवराचा तळ होय. हिमयुगात येथे लाहोंटन नावाचे अफाट सरोवर होते. ते आटले, आणि मागे उरली फिकट चिकणमातीची सपाट जमीन. तिच्या कडेला मात्र ठिकठिकाणी ऊन पाण्याचे झरे आहेत. कोकणात अशा झऱ्यांस उन्हाळी म्हणतात.

आज ह्या झऱ्यांच्या शोधात हौशी प्रवासी मोटारघरे घेऊन येतात. मोटारघर म्हणजे चाकांवर मांडलेला संसारच: निजावयास बिछाना, स्वयंपाकास चूल आणि पिण्याच्या पाण्याची टाकी. दिवसभर धूळ खावी आणि सायंकाळी ऊन पाण्यात अंग शेकावे, एवढीच त्यांची अपेक्षा. परंतु चाकांवर संसार घेऊन ह्या झऱ्यांकडे येणारे हे पहिलेच लोक नव्हेत.

झरे येथे का असावेत, ह्याचे कारण भूमीच्या पोटात आहे. ह्या प्रदेशात पृथ्वीचे कवच ताणले जाऊन पातळ झाले आहे व त्यास जागोजाग भेगा पडल्या आहेत. पावसाचे व बर्फाचे पाणी त्या भेगांतून खोल उतरते, तेथे तापते आणि पुन्हा वर येते. उत्तर पायूट लोकांस हे पाणी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. १८४४ च्या जानेवारीत जॉन फ्रेमाँट हा लष्करी अधिकारी भूमापनाच्या कामगिरीवर आला असता, हल्ली जेथे गरलाक हे गाव आहे तेथे त्याने उकळत्या पाण्याचे मोठे कुंड पाहिले आणि आपल्या अहवालात त्याची नोंद केली.

ह्या झऱ्यांना जोडून गाड्यांचा रस्ता काढला तो ॲपलगेट बंधूंनी, आणि त्यामागे एक दुःख होते. १८४३ साली जेसी व लिंडसे हे बंधू आपल्या कुटुंबांसह ओरेगॉनास निघाले. शेवटचा टप्पा कोलंबिया नदीतून नावांनी करावा लागे. तेथील खळाळात एक नाव उलटली, आणि दोघाही भावांचा एकेक मुलगा बुडाला. मागून येणाऱ्यांवर असा प्रसंग येऊ नये म्हणून नदी टाळणारी दक्षिणेची वाट शोधावयाची, असे त्यांनी मनाशी ठरविले. ओरेगॉनवरून ब्रिटनशी तंटा चालू असल्याने दुसऱ्या वाटेची राजकीय गरजही होतीच. १८४६ च्या जून महिन्यात पंधरा माणसे निघाली.

ज्या पाण्याने मुले नेली ते टाळावयास निघालेल्या ह्या पित्यांस वाळवंटात पाण्यासाठीच वणवण करावी लागली. काळ्या खडकाच्या पायथ्याशी त्यांस ऊन पाण्याचा झरा व भोवती गवत आढळले. पुढे तहानेने जीव व्याकूळ झाला असता सशांच्या पाऊलवाटा एका जागी मिळताना दिसल्या. त्या धरून जाता थोडेसे पाणी सापडले. त्या जागेस रॅबिटहोल, म्हणजे सशाचे बीळ, हेच नाव पडले. अशा रीतीने वाट आखली गेली ती दिशा पाहून नव्हे, तर पाणी पाहून.

त्याच वर्षी सुमारे शंभर गाड्या ह्या वाटेने गेल्या. पुढे पावसाळी डोंगरखिंडींत त्यांचे अतोनात हाल झाले, आणि कित्येकांनी त्याचा दोष जेसीच्या माथी मारला. १८४८ मध्ये पीटर लासेन ह्याने ह्या वाटेस कॅलिफोर्नियाकडे जाणारा फाटा काढला. पुढल्याच वर्षी सोन्याच्या लोभाने निघालेले हजारो लोक, जवळची वाट समजून, तिकडे वळले. वस्तुतः ती सुमारे २०० मैलांनी लांबची होती! हंबोल्ट नदी सोडल्यावर ब्लॅक रॉकपर्यंत पन्नासाहून अधिक मैल जवळजवळ निर्जळ होते. रॅबिटहोलचे पाणी हजारोंस कोठून पुरणार? जोसेफ ब्रफ ह्या प्रवाशाने आपल्या रोजनिशीत तेथे मरून पडलेल्या बैलांचे वर्णन लिहून ठेविले आहे. तेथून तगून जे ब्लॅक रॉकला पोहोचत, त्यांच्यापुढे पाणी होते, पण वाफाळणारे. वेडावलेल्या जनावरांस कुंडापासून आवरून ओघळाच्या खालच्या बाजूस, जेथे पाणी निवाले असे, तेथे न्यावे लागे. माणसांस मात्र कॉफीसाठी आयते आधण मिळे.

ह्या गर्दीत पायूटांच्या कुरणांचे व पाणवठ्यांचे काय झाले असेल, हे सांगावयास नको. वाट शोधणाऱ्यांस जे पाणी नवे होते, ते त्यांचे घरचे होते.

२००० साली कायदा होऊन हा प्रदेश व त्यातील जुनी वाट संरक्षित झाली. कित्येक ठिकाणी गाड्यांच्या चाकोऱ्या अद्यापि दिसतात. मोटारघराच्या प्रवाशास झऱ्याचे पाणी जगण्यासाठी लागत नाही. ते त्याच्या टाकीत असते. पण पाऊस पडला की तीच सपाट माती चिखल होऊन चाके धरते, आणि हात घालून न पाहता कुंडात उतरणाऱ्यास ऊन पाणी आजही भाजते. म्हणून जाणता प्रवासी प्रथम ओघळाच्या खालच्या बाजूस जातो. बैल हाकणाऱ्यांनी १८४९ साली हेच केले होते.