मार्कोव्हची अक्षरे आणि परिसराची स्मृती

रशियन गणितज्ञ आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९१३ साली पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन'मधील पहिली २०,००० अक्षरे मोजली. त्यांत ८,६३८ स्वर निघाले. स्वरामागून पुन्हा स्वर येण्याची शक्यता सुमारे १३ टक्के, व्यंजनामागून स्वर येण्याची ६६ टक्के. आम्हा साहित्याच्या शिक्षकांना ही मोजदाद अरसिक वाटेल. पण मार्कोव्ह यांना दाखवायचे होते ते हे की, परस्परांवर अवलंबून असलेल्या घटनांनाही संभाव्यतेचे नियम लागू पडतात. दैवयोग असा की, पुढे त्यांचेच नाव विस्मरणाला चिकटले. ज्या प्रक्रियेचे पुढचे पाऊल केवळ वर्तमानावरून ठरते, मागचा इतिहास ज्यात निरर्थक होतो, ती 'मार्कोव्हीय'.

हे विशेषण पुंजभौतिकीत कसे रुजले ते पाहण्यासारखे आहे. दोन कणांच्या अवस्था एकमेकींपासून सुट्या सांगताच येत नाहीत, अशा संबंधाला श्रोडिंगर यांनी १९३५ साली 'फेरश्रेंकुंग' म्हटले. जर्मनमध्ये हाताची घडी घालण्यासाठीही हेच क्रियापद वापरतात. मराठीत 'गुंतवणूक' म्हणावे तर बँक आठवते. आम्हाला 'गुंफण' बरे वाटते. ही गुंफण भोवतालच्या संपर्काने सहसा विरते. १९७६ साली लिंडब्लाड यांनी, आणि स्वतंत्रपणे गोरिनी, कोसाकोव्स्की व सुदर्शन यांनी (सुदर्शन पूर्वी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते) या ऱ्हासाच्या समीकरणाला सर्वसाधारण रूप दिले. त्यातला परिसर विसराळू आहे.

तरीही परिसर केवळ विध्वंसक नव्हे. एकमेकांशी थेट संबंध नसलेले दोन कण समाईक परिसरामुळे गुंफले जाऊ शकतात, हे दानिएल ब्राउन यांनी २००२ साली दाखवले. २००४ साली यू आणि एबर्ली यांनी गुंफणीच्या आकस्मिक मृत्यूचे गणित मांडले: ती हळूहळू न विरता ठरावीक क्षणी समूळ संपू शकते. २००७ साली बेलोमो, लो फ्रांको आणि कंपान्यो यांनी परिसराला स्मृती दिली, तेव्हा मेलेली गुंफण काही काळाने पुन्हा प्रकटली.

इथे 'स्मृती' हे रूपक समजून त्यावर समीक्षेचे इमले चढवण्याचा मोह आम्ही टाळू. परिसर काही आठवत बसत नाही. कणांकडून त्याच्याकडे गेलेली माहिती काही अंशी परत येते, एवढाच अर्थ; आणि हा परतावा मोजण्याची एक रीत ब्रॉयर, लाइने व पिइलो यांनी २००९ साली दिली. बेलोमो आदींच्या गणितातही गुंफणीची परतणारी प्रत्येक लाट आधीच्या लाटेहून ठेंगणी असते.