औरंगजेबाची अखेरची पत्रे आणि वार्धक्यातील बुद्धी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठीत इतकी रुळली आहे की, तिच्यातील ‘नाठी’ हे रूप प्राकृत ‘नट्ठ’, म्हणजेच संस्कृत ‘नष्ट’, यावरून आले आहे याची जाणीवही बोलणाऱ्यास नसते. म्हणीचा निवाडा सरसकट आहे. इतिहासकाराला मात्र तो व्यक्तिपरत्वे करावा लागतो.

औरंगजेब जानेवारी 1706 मध्ये अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) परतला आणि 3 मार्च 1707 रोजी, वयाच्या 88 व्या वर्षी, तेथेच मृत्यू पावला. आझम व कामबक्ष या पुत्रांना त्याने लिहिलेली म्हणून प्रसिद्ध असलेली अखेरची पत्रे वाचून त्याची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत होती असा निष्कर्ष सहज काढला जातो. या अनुमानात घाई आहे.

1906 साली आलोइस अल्झायमर याने ज्या व्याधीचे प्रथम वर्णन केले, तिची मेंदूतील प्रक्रिया लक्षणे दिसण्यापूर्वी अनेक वर्षे सुरू झालेली असते, हे आता सर्वमान्य आहे. या अवस्थेतील वृद्ध चारचौघांत निरोगीच दिसतो. नवे ध्यानात ठेवणे व अनोळखी प्रश्न सोडविणे यांत त्याची किंचित घसरण होते. आयुष्यभर मुरलेले ज्ञान आणि वाक्यरचना त्या मानाने दीर्घकाळ टिकतात. आयरिस मर्डॉक या कादंबरीकर्तीचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तिच्या 1995 च्या अखेरच्या कादंबरीची पूर्वीच्या दोन कादंबऱ्यांशी तुलना करून 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाक्यरचना बव्हंशी अबाधित, परंतु शब्दसंग्रह आकुंचित झालेला आढळला. कादंबरी लिहिली गेली तेव्हा रोगाचे निदान झालेले नव्हते.

तात्पर्य, औरंगजेबाच्या पत्रांतील डौलदार वाक्ये, कुराणातील वचने व फारसी बैत यांवरून काहीच सिद्ध होत नाही; ती बाळपणापासूनची शिदोरी होय. शब्दसंग्रहाची मोजदाद करावी, तर तीही मार्गी लागत नाही. बादशहाचा पत्रव्यवहार बव्हंशी चिटणिसांच्या हातून होई, आणि इनायतुल्लाखानासारख्या चिटणिसानेच त्याचे संग्रह सिद्ध केले. मर्डॉकच्या लेखनावर अशी मध्यस्थाची लेखणी फिरली नव्हती. भाषिक कसोटीचा येथे आग्रह धरणे म्हणजे चिटणिसाची बुद्धी मोजणे.

तेव्हा पुरावा कृतींत शोधावा लागतो. मृत्यूपूर्वी अवघे काही दिवस बादशहाने कामबक्षास विजापुरास आणि पाठोपाठ आझमास माळव्यास रवाना केले. एकाच छावणीत हे दोघे राहते, तर आपल्या डोळ्यांदेखत वारसायुद्ध पेटेल, हे त्याने ओळखले होते. स्वतः त्याच मार्गाने तख्तावर आलेल्या माणसाला ही भीती नवी नव्हती हे खरे. परंतु दोघांची मनोवृत्ती, अंतरे आणि स्वतःचे ढासळते शरीर यांचा मेळ घालणे हे जुन्या आठवणीचे काम नव्हे. निदान या एका बाबतीत नव्या परिस्थितीचा विचार करण्याची शक्ती त्याच्या ठायी शिल्लक होती, असे म्हणण्यास आधार आहे.

आझम मात्र रेंगाळत निघाला होता. मृत्यूची वार्ता कळताच तो अहमदनगरास परतला, आणि जून 1707 मध्ये जाजऊच्या लढाईत मारला गेला.