पेढीवरून देशी गेलेली पत्रे

एकोणिसाव्या शतकात मारवाड व गुजरातमधून निघालेली अनेक जैन कुटुंबे नगर, पुणे, खानदेश या भागांतील लहान गावांत व्यापारानिमित्त स्थिरावली. दुकानी बसणारा तरुण पुष्कळदा एकटाच ‘दिसावरी’ येत असे. आई, भावंडे व चुलतभावंडे देशी राहत. या विखुरलेल्या घराला जोडणारा धागा म्हणजे पत्र.

पूर्वी पत्रे कासदाहाती वा महाजनी डाकेने जात. सन १८५४ मध्ये टपालाचा दर एकसारखा झाला आणि पाव तोळा वजनाचे पत्र अर्ध्या आण्यात, अंतर कितीही असो, पोहोचू लागले. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे पोस्टकार्ड निघाले. काटकसरी पेढीला ते मानवले यात नवल नाही!

मात्र कार्ड उघडे असे व ते चारचौघांत वाचले जाई. महाजनी लिपीत काना-मात्रा गाळण्याची रीत होती. ‘काका अजमेर गया’ असे लिहिले आणि घरी ‘काका आज मर गया’ असे वाचून रडारड झाली, हा किस्सा जुनी मंडळी अजूनही हसत सांगतात. अशा पत्रात सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने मन ते किती मोकळे करावे? वडीलधाऱ्यांना मानाच्या क्रमाने प्रणाम, खुशाली, पाऊसपाणी, कापसाचा व धान्याचा भाव, एवढ्यातच कागद संपे. दुःखद वार्तेची ‘काळोत्री’ तर उंबरठ्याबाहेर वाचून तेथेच फाडून टाकीत.

याला अपवाद संवत्सरीच्या क्षमापना-पत्राचा. एरवी पत्राच्या मायन्यातही थोरला-धाकटा हा भेद काटेकोर पाळला जाई; परंतु ‘मिच्छामि दुक्कडम्’ लिहिताना थोरला भाऊही धाकट्याची क्षमा मागे. वर्षभरातील अबोला, हिशेबावरून आलेला कडवटपणा, न पाठविलेले उत्तर यांचा उल्लेख करण्यास तेवढी एक वाट धर्माने मोकळी ठेवली होती. पुढे छापील क्षमापना-पत्रिका आल्या, सोय झाली. पण नुसते नाव घालून पाठविलेल्या पत्रिकेत भावाला भावाची चूक कशी सापडावी?

चोपड्यांचे जतन मात्र निगुतीने झाले, कारण कोर्टात त्यांचा पुरावा चाले. कर्जरोख्यांचे मोल ऋणकोही जाणून होता. म्हणूनच १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे दंगा झाला तेव्हा सावकारांची दप्तरे जाळण्यात आली. खुशालीच्या पत्राची किंमत ना ऋणकोला, ना धनकोला. ती पत्रे पेढीवरच्या वाकड्या तारेत ओवली जात आणि तार भरली की जुनी काढून टाकीत. अक्षरांकित कागद पायाखाली आल्यास ज्ञानाची आशातना होते, या भावनेने काही घरांतून ती गाठोड्यात बांधून माळ्यावर ठेवली गेली. जी काही उरली असतील ती तेथेच, जुन्या चोपड्यांच्या लाल बासनाखाली असतील. आज ती लिपी वाचू शकणारे हात-बोटांवर मोजण्याइतकेच वृद्ध आपल्यात आहेत.